मामांची बेरीज आणि तीन नंबरचा बेस

'काका, आम्ही तिघा मित्रांनी मिळून जुना डॉल्बी घेतलाय. अठरा इंची चार बेस (खर्जाच्या आवाजाचे स्पीकर), प्रत्येकावर ८ ओहम, ६०० वॅट आरएमएस लिहिलंय. दोन चॅनेलचं एक मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर. त्याच्या पाठीवर ८ ओहमला ८०० वॅट आणि ४ ओहमला १३०० वॅट, खाली बारीक अक्षरात कमीत कमी ४ ओहम, ब्रिजला ८ ओहम. वैशाखातल्या शिवजयंतीला तीन नंबरच्या बेसची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळाली. नवी बसवून आणली, तर गेल्या महिन्यात एका हळदीत त्याच बेसमधून परत वास आला आणि मशीन तीनदा प्रोटेक्टला गेलं, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडलं. मामांचा मंडपाचा धंदा आहे. ते म्हणतात, "वॅटची बेरीज बसूलालीय की, मग लाव." मित्र म्हणतो ब्रिज कर, डबल पॉवर मिळते. तसं चारही बेस एकत्र लावून बघितलं तर आवाज धरायच्या आधीच मशीन बंद. मीटर लावला तर एक, दोन आणि चार नंबरचे बेस ५.८ च्या आसपास दाखवतात, तीन नंबरचा ३.४. ८ लिहिलंय मग ५.८ का? चारही खराब आहेत काय? गणपतीच्या ऑर्डरी घेऊन बसलोय. आणि चुलतभावाच्या गाडीत दोन कॉइलचा बारा इंची बेस टाकायचाय, तो कसा जोडायचा?'
– बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरचा एक साऊंडवाला

गड्या,

तुझं उत्तर तुझ्याच पत्रात पडलंय, त्या ३.४ मध्ये. तरी आधी मामांकडे जाऊ. एक तर त्यांना खोटं पाडून तुला त्याच घरात जेवायला बसायचंय, आणि दुसरं म्हणजे मामा खोटे नाहीतच. ते दुसऱ्याच यंत्राबद्दल बोलताहेत.

मी या धंद्यात आलो तेव्हा आपल्या भागात साऊंड म्हणजे कर्णे. लग्न असो, पारायण असो, कुस्त्यांचं मैदान असो, चिंचेच्या झाडाला नाहीतर देवळाच्या शिखराला कर्णा बांधायचा आणि एकच जोडवायर गावभर फिरवायची. वाटेत जिथं कर्णा हवा तिथं वायर सोलून टोकं पिळायची, झालं काम. त्या मशीनमधून १०० व्होल्टची लाइन निघते आणि प्रत्येक कर्ण्याच्या पाठीत एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. कर्णा ३० वॅटच्या टोकावर ठेवला, तर लाइनला तो ३३३ ओहमचा दिसतो. असे आठ कर्णे म्हणजे २४० वॅट, ते २५० वॅटच्या मशीनवर खुशाल चालतात. नववा लावला की मशीन तापायला लागतं. तिथं वॅटची बेरीज हाच कायदा. ओहमचं नाव कुणी घेत नाही, कारण ते गणित बनवणाऱ्यानं ट्रान्सफॉर्मरमध्ये आधीच करून ठेवलेलं असतं. मामांनी उभी हयात या बेरजेवर काढली असेल आणि कधी चुकले नसतील.

तुझ्या बेसच्या पाठीत ट्रान्सफॉर्मर नाही. कॉइल थेट मशीनच्या तोंडाला लागते. बॉक्सवरचे ६०० वॅट म्हणजे तो किती सोसेल तेवढं. किती ओढेल हे त्या आकड्यावरून कळतच नाही, ते ओहमवरून, म्हणजे कॉइलच्या अडथळ्यावरून, कळतं. म्हणून मामांच्या हिशेबानं चार बेसचे २४०० आणि मशीनचे दोन्ही चॅनेल मिळून २६००, बेरीज झकास बसते, आणि तरी मशीन झोपतं.

ओहम कमी झाला की ओझं वाढतं, हे उलटं प्रकरण डोक्यात बसायला सगळ्यांनाच वेळ लागतो. शेतातली मोटर डोळ्यांपुढे आण. एकच व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी बेतानं वाहतं. शेजारचा दुसराही उघडला की जास्त वाहतं आणि मोटर जास्त अँपिअर खेचते. तिसरा, चौथा उघडत गेलास की एक वेळ येते, स्टार्टर तिला पाडतो. प्लसला प्लस, मायनसला मायनस असा बेसला बेस जोडणं, म्हणजे पॅरलल, हे व्हॉल्व्ह उघडत जाणं आहे. ८ ओहमचा एक बेस ८. दोन लावले तर ४. तीन लावले तर २.६७. चार लावले तर २. तुझं मशीन प्रत्येक चॅनेलला ४ पर्यंतच सोसतं, ते त्यानं स्वतःच पाठीवर लिहून ठेवलंय. सिरीज याच्या उलट. एकाच्या मायनसवरून दुसऱ्याच्या प्लसला गेलास की ओहमची सरळ बेरीज होते, ८ आणि ८ सोळा. मशीन आरामात राहतं, पण आवाजही तेवढाच आरामात येतो.

आता मीटर. ८ ओहमचा बेस मीटरवर ८ कधीच दाखवत नाही. तुझा मीटर सरळ करंट सोडून फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो. गाणं वाजताना जो अडथळा मशीनला दिसतो तो आवाजाच्या कंपनाबरोबर बदलत राहतो, आणि ८ हा त्याचा ठोकताळा आहे. ८ ओहमची चांगली कॉइल मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान दिसते, ४ ओहमची तीन ते साडेतीन. तेव्हा एक, दोन आणि चार नंबर ठणठणीत आहेत. तीन नंबरमध्ये कॉइल बसवणाऱ्यानं ४ ओहमची कॉइल घातलीय. मुद्दाम नसेल. त्या मापाची जी मिळाली ती बसवली, आवाज आला, तुम्ही पैसे देऊन घेऊन आलात. बाहेरचं लेबल जुनंच राहिलं, ८ ओहम.

पुढचं सगळं यातूनच झालं. तीन आणि चार नंबर एका चॅनेलवर असले तर त्या चॅनेलला ४ ऐवजी २.६७ ओहम दिसतात, म्हणून मशीन प्रोटेक्टला जातं. आणि तेवढ्यावर भागत नाही. मशीन ४ ओहमला १३०० वॅट देतं म्हणजे टोकावर सुमारे ७२ व्होल्ट असतात. तेच ७२ व्होल्ट दोन्ही बॉक्सना मिळतात. ८ ओहमचा शेजारी त्यातून ६५० वॅट घेतो, ४ ओहमचा १३००. सहाशेच्या कॉइलमधून तेराशे, तेही हळदीच्या रात्री, एका गाण्याला दुसरं गाणं चिकटवून. वास येणार नाही तर काय होणार! तो बेस दुबळा म्हणून जळत नाही, ताटात दुप्पट वाढलं जातंय म्हणून जळतोय. (वैशाखात जी पहिली कॉइल जळाली तिचं कारण वेगळं, त्यावर खाली येतो.)

मित्राच्या ब्रिजचा हिशेब तर अजून मजेचा आहे. ब्रिजमध्ये दोन्ही चॅनेल एकाच ओझ्याला दोन बाजूंनी भिडतात, म्हणून प्रत्येक चॅनेलला निम्मे ओहम दिसतात. तुम्ही चारही बेस पॅरलल लावलेत. तीन बेस ८ चे आणि एक ४ चा, मिळून १.६ ओहम. प्रत्येक चॅनेलला ०.८. जवळपास शॉर्टच. मशीन आवाज यायच्या आधी बंद पडलं हे त्याचे उपकार समज, एखादं स्वस्तातलं असतं तर धूर काढून मोकळं झालं असतं.

बरं, तीन नंबर दुरुस्त करून ब्रिज नियमात बसवलंस तरी काय मिळतं? ८ ओहम व्हायला दोन-दोन बेस सिरीजमध्ये घालून त्या जोड्या पॅरलल कराव्या लागतील. मशीन देणार २६०० वॅट, चौघांत वाटले की ६५०. आणि ब्रिज न करता एका चॅनेलवर दोन, दुसऱ्यावर दोन लावलेस तर? १३०० चे दोन वाटे, ६५०. एका पैशाचा फरक नाही. उलट तोटा मात्र आहे. सिरीजमध्ये एकाची कॉइल तुटली की जोडीदारही मुका, आणि ब्रिजमध्ये एक चॅनेल गेला की सगळी मिरवणूक मुकी. तुझ्या या चार बेसना आणि या मशीनला ब्रिजची गरजच नाही. मित्राला सांग, ब्रिजनं पॉवर वाढते ती एकट्या बॉक्सला देताना. चौघांना जेवायला वाढायचं असलं तर भांडं तेच.

तर जोडायचं असं. एक आणि दोन नंबर पहिल्या चॅनेलवर, तीन आणि चार दुसऱ्यावर, दोन्हीकडे पॅरलल. तीन नंबर आधी परत पाठव आणि ८ ओहमची कॉइल घालायला सांग. आणताना दुकानातच मीटर लाव, साडेपाचच्या वर दाखवलं तरच उचल. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून आधी त्यांचा आकडा बघ, ०.२ की ०.५, आणि तेवढा वजा कर. आणि तो बॉक्स येईपर्यंत ऑर्डर अडवू नको, तीन बेसवर निघ. चार नंबर एकटा राहिला तर त्याला ८०० वॅट मिळतील, जोडीतल्यांना ६५०. म्हणून त्या चॅनेलचं बटण किंचित मागं घे. एक डेसिबलचं काम आहे.

जोडण्याआधी प्लस-मायनस तपास. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घे, सेलचा प्लस बेसच्या प्लसला, मायनस मायनसला, क्षणभर टेकव. बेसचा कागद, म्हणजे पुढचा पडदा, बाहेर सरकला पाहिजे, आणि चारही बेसचा एकाच दिशेला. कॉइल बदलून आलेल्या बॉक्समध्ये ही टोकं उलटी लागलेली मी इतकी पाहिलीत की आता हसूसुद्धा येत नाही. एक बेस उलटा असला तर एक हवा ढकलतो, शेजारचा ती ओढून घेतो. मशीनचे दिवे नाचतात, कागद थडथडतात आणि मैदानात बेस नाही. आम्ही एकदा अशा वेळी मशीन बदललं, मिक्सर बदलला, ऑपरेटरला शिव्या घातल्या, आणि पहाटे बॉक्स उतरवताना एका पोरानं उलटी वायर दाखवली. स्पीकॉन, म्हणजे स्पीकरची फिरवून अडकवायची पिन, वापरत असलास तर आत चार टोकं असतात, एकची जोडी आणि दोनची जोडी. जुन्या माणसाकडून घेतलेल्या बॉक्समध्ये बेस कुठल्या जोडीवर ठेवलाय हे उघडून बघ, अंदाजानं चालू नको.

आणि जर त्या जुन्या डॉल्बीबरोबर साध्या करंटच्या पिनांनी जोडायच्या वायरी आल्या असतील, तर त्या आजच कापून टाक. आमच्याकडे वर्षानुवर्षं स्पीकरला दोन पिनांची पिन असायची, स्वस्त आणि कुठंही मिळणारी. एका मंडपात मदतीला आलेल्या पोरानं ती सरळ भिंतीच्या बोर्डात खुपसली. २३० व्होल्ट, हेस्कॉम या वीज कंपनीचे, थेट कॉइलमध्ये. असा आवाज मी परत ऐकला नाही. पोरगा वाचला, बेसचा कागद फाटून बाहेर आला. आणि हे फक्त बोर्डापुरतं नाही. तुझ्या मशीनच्या टोकावर जोरात वाजताना ७२ व्होल्ट असतात, ब्रिजला त्याच्या दुप्पट. ओल्या हातानं, चालू मशीनवर वायर बदलायची नाही. भाद्रपदात पाऊस असतोच.

वायरचं सांगतो, कारण इथं बहुतेक जण पैसे वाचवायला जातात आणि वॅट घालवून बसतात. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर लांब टाकलीस, तर जाऊन-येऊन ६० मीटर होते आणि तिचाच रोध ०.४ ओहम भरतो. ४ ओहमच्या ओझ्यावर म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणारी पॉवर जवळपास पाचव्या हिश्शानं कमी. चारही बेस एकत्र करून २ ओहमवर चालवलेस तर पोचणारी पॉवर तीसेक टक्क्यांनी घटते. म्हणून मशीन ट्रॉलीवर बॉक्सजवळ ठेव आणि लांबवायची असली तर मिक्सरकडून येणारी सिग्नलची वायर लांबव. बाजारात स्वस्त मिळणारी जाड वायर चाकूनं खरवडून बघ. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. त्याच मापाच्या तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो.

आता ती वैशाखातली पहिली कॉइल. तेव्हा तीन नंबरसुद्धा ८ ओहमचाच होता, मग तो का जळाला? मी तिथं नव्हतो, पण बेळगावची चित्ररथ मिरवणूक कशी चालते ते मला माहीत आहे. संध्याकाळी निघते, पहाट होते. पहिल्या तासाला छातीत धडकणारा बेस मध्यरात्रीनंतर बसल्यासारखा वाटतो. पोरं ओरडतात, 'बेस कुठाय?' ऑपरेटर बटण पुढं सारतो. झालेलं असतं असं की कॉइल तापलेली असते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध पावणेदोनपटीच्या वर जातो, ओढली जाणारी पॉवर घटते आणि बेस बसतो. अशा वेळी पुढं सारायचं नसतं, मागं घेऊन पंधरा मिनिटं साधी गाणी लावायची असतात. पुढं सारलं की मशीनचा लाल दिवा लागतो, आणि लाल दिवा म्हणजे आवाजाच्या लाटेची डोकी छाटली जाताहेत. पूर्ण छाटलेली लाट मूळच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते, आवाज मात्र तेवढा वाढलेला वाटत नाही. दिवा ठेक्याला मधूनच चमकला तर चालतं. एकसारखा पेटून राहिला तर समज की कॉइल भाजते आहे. त्यात लहान जनरेटरवर दोन टॉप (वरच्या आवाजाचे बॉक्स), चार बेस आणि शार्पी लाइट (झोताचे दिवे) एकत्र लावलेले असले तर व्होल्टेज खाली येतं आणि हा दिवा आणखीच लवकर लागतो.

क्रॉसओव्हरवर, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणाऱ्या यंत्रावर, बेस ९० ते १०० हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नको, आणि खालून ३५ हर्ट्झच्या आसपास कापून टाक. भोकाच्या बॉक्समध्ये त्याच्या ठरलेल्या कंपनाखालचा आवाज गेला की कागदाला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता मोकळा हेलकावे खातो आणि कॉइल चुंबकावर आपटते. ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

'अजून थोडा वाढवायचाय' म्हणून पुढच्या वर्षी तू परत लिहिशील, म्हणून आत्ताच सांगतो. पॉवर दुप्पट केलीस तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम फरक कळतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट पॉवर लागते. तेव्हा मशीनला २ ओहमपर्यंत ताणून मिळतं ते एवढंसंच. त्यापेक्षा चारही बेस ट्रॉलीवर एकमेकांना चिकटवून ठेव. दोन इकडे, दोन तिकडे पसरण्यापेक्षा एकत्र ठेवलेले बेस एकमेकांना उचलतात, आणि त्याला एक रुपया लागत नाही. कायद्याचंही तुला माहीत असेलच. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, सणासाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. २००० सालचे हे नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे हद्दीवरची शिनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडची ऑर्डर घेतलीस तरी सुटका नाही. मशीन जप्त झालं की ४ ओहम की ८ हा प्रश्नच उरत नाही.

मामांना माझा नमस्कार सांग. त्यांचे कर्णे भंगारात घालू देऊ नको. पारायणाला गावभर आवाज न्यायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

चुलतभावाच्या गाडीचं थोडक्यात. बारा इंची बेसला ४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर दोन्ही पॅरलल केल्या की २ ओहम, सिरीज केल्या की ८. गाडीच्या एका चॅनेलच्या मशीनवर कमीत कमी २ ओहम लिहिलं असेल तर पॅरलल कर, ४ लिहिलं असेल तर सिरीज. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायची नाही. पुढं हौसेनं तसाच दुसरा बेस घेतला तर प्रत्येकाच्या कॉइल सिरीज आणि मग दोन्ही बेस पॅरलल, म्हणजे ४ ओहम. सगळंच पॅरलल केलं तर १ ओहम होतो, तो फार थोड्या मशीनना झेपतो. आणि ६०० वॅटचं मशीन १२ व्होल्टवर साठ-एक अँपिअर ओढतं, तेव्हा घरच्या वायरिंगची उरलेली वायर बॅटरीपासून मागं नेऊ नका. जाड वायर, आणि तिचा फ्यूज मशीनजवळ नव्हे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. वायर कुठंही घासून चॅसीला लागली तरी फ्यूज आधी उडाला पाहिजे.